ओसरीवरची हेमाक्षी

बेंगळुरू,
९ ऑक्टोबर

ती. सौ. सुमंगलाक्का हिस,
नागेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन गेले कित्येक दिवस लागत नाही, म्हणून शेवटी आजोबांच्या काळातला मार्ग धरला. पोस्टातल्या प्रेमाक्कांच्या नावाने पाकीट पाठवतोय. त्यांना म्हणावं, आतलं पत्र उघडून वाचलंत तर पुढच्या खेपेला तुमच्यासाठी बसवनगुडीची कॉफी आणणार नाही.

मी बरा आहे. बरा म्हणजे, सकाळी हनुमंतनगरच्या नाक्यावर कंपनीची बस पकडतो, सिल्क बोर्डाच्या सिग्नलला झोप काढतो, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो, आणि घरी आलो की पाण्याच्या टँकरची पाळी कुणाची यावरून खोलीतल्या दोघांशी भांडतो. त्यातला तमिळ मुलगा परवा विचारत होता की दर रविवारी मी कुठे गायब होतो. ताळमद्दळेला जातो म्हटल्यावर त्याच्या डोक्यात काही प्रकाश पडेना. मी त्याला समजावलं की हे यक्षगानच, पण रंग नाही, मुकुट नाही, नाच नाही. खुर्च्यांवर साध्या धोतरात बसायचं. भागवत, म्हणजे गायक, पद म्हणतात, मग ज्याचं पात्र त्याने त्या पदावर आपल्या पदरचं बोलायचं, आणि समोरच्याने ते खोडून काढायचं. आधी लिहिलेलं काही नसतं. तो म्हणाला, म्हणजे ऑफिसातली मीटिंगच की, फक्त मागे मद्दळ वाजतं.

गिरीनगरात इडलीवाल्याच्या माडीवर आमची बैठक बसते. सगळे आपल्याच भागातले, शिरसी-सिद्धापूर-कुमठ्याचे, आणि सगळे पोटासाठी इथे. एक दातांचा डॉक्टर आहे, दोघे बँकेतले, आणि श्रीकांत भट नावाचे हिशेब तपासणारे, जे राजाच्या भूमिकेत बसले की समोरच्याला घाम फोडतात. डिसेंबरात मोठा कार्यक्रम आहे, नवा प्रसंग. राजा प्रचंडवर्मा राणी हेमाक्षीचं राज्य जिंकून तिला ओढून आणतो, आणि मग भर दरबारात तिला पट्टराणी करायला निघतो. ती नाही म्हणते. का नाही म्हणते, हे सांगायचं काम माझ्याकडे आलंय. हो, हेमाक्षी मी. हसून घे. पण अक्का, माझ्या तोंडून ती तहसीलदाराला तक्रार-अर्ज वाचून दाखवल्यासारखी बोलते. भट म्हणाले, ह्या बाईला मी पट्टराणी काय, मोलकरीणसुद्धा करणार नाही.

बैठकीचं रेकॉर्डिंग मी ‘ओसरी’ या आपल्या चॅनलवर चढवतो, ते तुला ठाऊक आहेच. नवा माइक घेतलाय. पंख्याची घरघर काढून टाकायला सगळा शनिवार जातो. आखातातली, अमेरिकेतली आपली माणसं ऐकतात. पण सगळ्यात मोठे चाहते गजानन भावोजीच, गणेशचवथीला तिकडे आलो तेव्हा स्वतःच म्हणाले.

चवथीवरून आठवलं. तुझ्या मनगटावर काळंनिळं होतं. गाईने दोर हिसडला म्हणालीस. तुमची गाय मी पाहिली आहे अक्का, तिला माशी हाकलायचाही कंटाळा. खरं काय ते लिही.

चिन्मयीला पापा. तुझा लोभ माझ्या सगळ्या छंदांना पुरून उरो.

तुझा,
नागेंद्र


होसगद्दे, सिद्धापूर,
२४ ऑक्टोबर

चि. नागेंद्र यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. पोस्टातल्या प्रेमाने ते उघडलं नाही, पण उन्हात धरून पाहिलं असं स्वतःच कबूल केलं. कॉफी आणायला हरकत नाही.

तम्मा, तुझे छंद मी लहानपणापासून मोजत आले आहे. गिटार आणलीस, तिच्यावर आता आईची मिडीच्या लोणच्याची बरणी टेकलेली असते. सायकल आणलीस, ती नंदी बेट्टाच्या निम्म्या चढावरून टेम्पोत घालून आणलीस. मागच्या वर्षी पाव भाजायला लागलास आणि आम्हां सगळ्यांना ते दगड खायला लावलेस. ताळमद्दळे मात्र टिकेल असं वाटतं. ते आप्पांकडून आलंय. आप्पा म्हणायचे ना, पोथीतलं बोललास तर लोक जांभया देतील, घरातलं उचल. तुझी हेमाक्षी अर्ज वाचते, कारण तुझ्या घरात बाईच नाही. लग्न कर.

इकडे सुपारी पिकायला लागली आहे. चिन्मयी दुसरीत गेली, पाढे म्हणते आणि मध्येच थांबून छताकडे बघते, अगदी तुझ्यासारखी. माझा फोन ह्यांच्या खिशात असतो. रेंज नाही तर तुला कशाला, म्हणतात. दिवाणखान्यातला लागतो, पण तिथे सासूबाई बसलेल्या असतात.

मनगटाचं विचारलंस. गाईने नाही. तूच ओळखलंस, म्हणून लिहिते. गेली चार-पाच वर्षं हे चालू आहे. रोज नाही. महिनोन्‌महिने काही नसतं आणि मग आमटीत मीठ जास्त झालं तरी पुरतं. ते पितबित नाहीत, ओरडतही नाहीत. मनगट धरतात आणि पिरगाळतात. नंतर स्वतः चुलीशी जाऊन हळद गरम करून आणतात, फुंकर घालून लावतात, आणि विचारतात, दुखतंय का. इतक्या मायेने विचारतात की मला कधीकधी वाटतं, मीच काहीतरी केलं असेन. मारणारा माणूस आणि हळद लावणारा माणूस एकच असला की मग रडायचं कुणापाशी, सांग.

आईला सांगू नकोस. आजकाल आपल्यातल्या शिकलेल्या मुली सुपारीच्या बागवाल्याला हो म्हणत नाहीत, मी म्हटलं, म्हणून सगळ्या गावाने माझं कौतुक केलं. आई त्या कौतुकावर अजून जगते. शिवाय तिला डॉक्टरकडे न्यायला हेच जातात.

मी रडत बसलेली नाही. तुमच्या बेंगळुरूत एका शाळेला जूनपासून कन्नड शिकवायला बाई हवी आहे. माझी बी.एड.ची मैत्रीण तिथे आहे. प्रेमाच्या फोनवरून मी बोलले. तू जवळपास एक खोली बघ. चिन्मयीला घेऊन शाळा संपली की येईन, सुट्टीला आल्यासारखी, आणि परत जाणार नाही. तोवर कुणाला एक अक्षर कळता कामा नये. हे वाच आणि फाड.

तुला जपते तसा तूही जपून राहा.

तुझी,
सौ. अक्का


बेंगळुरू,
६ नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास,
नागेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसमध्ये उघडलं आणि सिल्क बोर्ड केव्हा आलं-गेलं कळलं नाही. कामावर गेलो नाही, मधेच उतरून चालत राहिलो. पहिल्यांदा वाटलं, थेट सिद्धापूरची गाडी पकडावी आणि त्या माणसाला त्याच्याच अंगणात सोलून काढावं. मग तुझं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. तू म्हणतेस तसंच होईल. जूनपर्यंत मी दगड.

मला लाज वाटते अक्का. चवथीला मी त्यांच्या मांडीला मांडी लावून जेवलो. त्यांनी माझ्या पानात आग्रहाने उसाच्या रसाचं तोडदेवू वाढलं, आणि मी सगळ्यांना सांगितलं की असा भावोजी नशिबाने मिळतो.

खोली बघायला लागलो आहे. काल शाळेपासून जवळच एक पाहिली. मालकीणबाईंनी नवरा काय करतो विचारलं. मी म्हटलं, शेती. त्या म्हणाल्या, मग ते येऊन-जाऊन असतील तर चालेल. दुसरी बघतो. दोघींना पुरेल, स्वयंपाकघराला खिडकी असेल अशी. शाळेसमोर मोठं मैदान आहे, चिन्मयीला आवडेल.

बैठकीत माझं काही खरं नाही. भट म्हणाले, अजून महिना आहे, नाहीतर हेमाक्षी दातांच्या डॉक्टरकडे देऊ. असो, ते महत्त्वाचं नाही.

काळजी घे. काही वाटलं तर प्रेमाक्कांच्या फोनवरून कधीही फोन कर, मीटिंगमध्ये असलो तरी उचलेन. तुझा माझ्यावर विश्वास आहे, तो राहू दे.

तुझा,
नागेंद्र


होसगद्दे,
२२ नोव्हेंबर

चि. नागेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सोलून काढायची भाषा करतोस. नारळ सोलताना तुझा अंगठा फुटला होता, ते आठवून मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी हसले.

शाळेने होकार कळवला. कागद मैत्रिणीच्या पत्त्यावर येतील. तिने सांगितलं की मुलीला तिथेच प्रवेश मिळेल. मी स्वयंपाक करता करता मनातल्या मनात भांडी वेगळी काढते, कुठलं नेता येईल, कुठलं नेलं तर लक्षात येईल. माझ्या माहेरचा एकच लहान तांब्या नेणार आहे. तेवढ्याने शंका यायची नाही.

सुपारीची तोडणी सुरू झाली. डिसेंबरात सोलणी. रोज संध्याकाळी ओसरीवर आजूबाजूची वीस-पंचवीस माणसं पाटावरची विळी घेऊन बसतील आणि हे तुझं काहीतरी लावतील. सिद्धापूरला जाऊन पेन ड्राइव्ह भरून आणतात. आमचा मेहुणा, आमचा मेहुणा, असं चाललेलं असतं. चारचौघांत ह्यांच्यासारखा माणूस नाही, हे मीही सांगेन. सगळ्यांना प्यायला गरम काषाय स्वतःच्या हाताने देतात.

सध्या शांत आहे. तू घाई करू नकोस, येऊ नकोस, फोन करू नकोस. नोकरी सांभाळ. हेमाक्षी डॉक्टरकडे गेली तर जाऊ दे, दातांना तरी उपयोग होईल.

आहेस तसाच राहा, थोडा कमी बडबड्या चालशील.

तुझी,
सौ. अक्का


बेंगळुरू,
१२ डिसेंबर

ती. सौ. अक्कास,
नागेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, काल कार्यक्रम झाला. काय झालं ते आधी तुलाच लिहायचं म्हणून रजा टाकून बसलो आहे.

पूर्वार्धात भटांनी मला पार झोपवलं. प्रचंडवर्मा म्हणतो, तुला मी सिंहासन देतोय, दागिने देतोय, घायाळ झालीस तेव्हा वैद्यसुद्धा मीच बोलावला, आणखी काय हवं तुला. सभागृह त्यांच्या बाजूला गेलं होतं, मला कळत होतं. भागवतांनी पद उचललं, मद्दळ थांबलं, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. मग मी बोलायला लागलो. मी म्हटलं, राजा, ज्या हाताने मनगट पिरगाळलंस त्याच हाताने हळद गरम करून आणलीस. फुंकर घालून लावलीस. वर विचारलंस, दुखतंय का. मारणारा तू आणि हळद लावणाराही तूच, मग मी रडू कुणापाशी? हळदीचं तेवढं तरी दुसऱ्या कुणाला देतोस का?

अक्का, पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. भट उत्तर देईनात. ते प्रचंडवर्मा म्हणून अडले नव्हते, खरेच अडले होते. शेवटी हात जोडून म्हणाले, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. बैठकीत भट हरल्याचं कुणी पाहिलेलं नाही. खाली उतरल्यावर एक म्हातारे आले आणि म्हणाले, तुझे आप्पा आज असते तर उठून उभे राहिले असते.

तू रागावशील का, असं एकदा मनात आलं. पण ते तुझं कुठे राहिलं, ते हेमाक्षीचं झालं. नाव नाही, गाव नाही, कुणाला काय कळणार. आप्पाच म्हणायचे, घरातलं उचल. तू एकटीने सोसलंस ते तीनशे माणसांनी ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मला वाटलं तुला जरा हलकं वाटेल. पंख्याचा आवाज काढून पहाटेच चॅनलवर चढवलं. दुपारपर्यंत इतक्या जणांनी ऐकलं की माझा फोन तापला.

खोली मिळाली. खिडकीसकट. मालक म्हातारे आहेत, काही विचारत नाहीत.

तुझ्या आशीर्वादानेच झालं सगळं. तो असाच पाठीशी राहो.

तुझा,
नागेंद्र


होसगद्दे,
२० डिसेंबर

चि. नागेंद्र यास,
गजानन हेगडे याचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

इकडील सर्व क्षेम. तुझ्या अक्काऐवजी माझं अक्षर पाहून तुला नवल वाटेल. सोलणी जोरात चालू आहे, त्यात सुमंगलेची उजव्या हाताची बोटं विळीवर कापली. जखम खोल आहे. काही दिवस तिला लेखणी धरता येणार नाही. काळजी नसावी, हळद मी रोज स्वतः लावतो.

तुझी हेमाक्षी ऐकली. ओसरी माणसांनी भरलेली होती. शेजारच्या सुब्राय हेगड्यांनी तो भाग मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितला, म्हणून दोनदा ऐकला. एवढं घरगुती ह्या पोराला सुचतं कसं, असं सगळे विचारत होते. मी सांगितलं, त्याला अक्का आहे ना. सुमंगला तिथेच बसली होती, तिला फार संकोच झाला.

तुझं १२ तारखेचं पत्रही मिळालं. प्रेमाला सांगून ठेवलं आहे की आमच्या घरचं टपाल आमच्या घरीच द्यावं. तिच्यावर विनाकारण भार कशाला. बेंगळुरूच्या शाळेला मी फोन करून कळवलं की सुमंगलेची प्रकृती बरी नसते, जून-बिन काही जमणार नाही. भली माणसं आहेत, समजून घेतलं. खोलीचा व्यवहार तू मोडून टाक. ह्या वयात तुला ह्या उठाठेवी कशाला.

शिवरात्रीला आमच्या ओसरीवर ताळमद्दळे ठेवायचा विचार आहे. तू ये. हाच प्रसंग करू. प्रचंडवर्मा मी करीन. श्रीकांत भटांना उत्तर सुचलं नाही, मला एक-दोन सुचली आहेत.

तुझ्या आईंना परवा डॉक्टरांकडे नेऊन आणलं, त्या ठीक आहेत. आपल्या घरांमधला जिव्हाळा असाच वाढत राहावा.

तुझा,
गजानन भावोजी


बेंगळुरू,
२ जानेवारी

ती. अक्कास,
नागेंद्रचा नमस्कार.

हे पत्र प्रेमाक्कांना पाठवत नाही, त्यांची नोकरी जाईल. आईकडे सोलायला येणाऱ्या बाईंच्या हाती दिलंय. त्या तुमच्या वाडीतल्याच आहेत. मिळालं तर वाचून जाळ.

भावोजींचं पत्र मिळताच मी तिकडे आलो तेव्हा तू ओसरीवर चहा घेऊन आलीस, डाव्या हाताने. भावोजी माझ्या शेजारी बसले होते. मी बोटांचं विचारलं, तू म्हणालीस माझाच वेंधळेपणा. ते म्हणाले, मी तिला रोज सांगतो, जपून. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तो झटकला नाही. गाडीत बसेपर्यंत तो हात मला पाठीवर जाणवत होता.

आईकडे गेलो. सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, गजाननसारखा माणूस असं करणार नाही. मी म्हटलं, बोटं बघून ये. ती म्हणाली, माझ्याही हातावर विळीचे वण आहेत, तुझ्या आप्पांना कधी कुणी विचारलं नाही. मग चुलीकडे तोंड फिरवून बसली. मला वाटतं तिला सगळं ठाऊक होतं.

रेकॉर्डिंग मी काढून टाकलं. चॅनलच बंद केलं. बैठकीला जात नाही. भटांनी कारण विचारलं, मी सांगितलं काम वाढलंय.

एक गोष्ट लिहायलाच हवी. मी लिहिलं होतं की डोक्यात काही नव्हतं आणि शब्द आपोआप आले. ते खरं नाही. तुझं पत्र मी फाडलं नव्हतं. कार्यक्रमाच्या सकाळी काढून वाचलं, दोनदा. धोतर नेसताना ती वाक्यं म्हणून बघितली. भटांना हरवायचं होतं. बस्स, एवढंच.

आता येतेस का? गाडी घेऊन येतो. खोली मी सोडलेली नाही, मालकांना थांबायला सांगितलंय. तू फक्त दिवस सांग. अक्का, मला माफ कर, आणि ये.

नागेंद्र


गाव लिहीत नाही.
१७ फेब्रुवारी

चि. नागेंद्र यास,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत, पण खडू धरता येतो, करून पाहिलंय.

तुझं पत्र मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण त्यानंतर मी तिथे राहिलेच नाही. चिन्मयी आणि मी बाहेर पडलो. पाकिटावरचा शिक्का बघून ताडायचा प्रयत्न करू नकोस. ज्या गावाचा तो आहे तिथे आम्ही नाही, पोस्टात टाकायला दुसऱ्याकडे दिलं आहे. तांब्या आणायचा राहिला. पाढे चालू आहेत.

त्या संध्याकाळचं तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. तुझा आवाज मला आधी ओळखूच आला नाही, इतकं छान बोललास. खरं सांगते, तू चांगला बोललास. हळद आली, फुंकर आली, आणि मला क्षणभर काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. कुणीतरी हे मोठ्याने म्हणालं. मग ह्यांची विळी थांबली. ओसरीवर सगळ्यांच्या चालू असल्या तरी एकाची थांबली की मला कळतं, इतकी वर्षं कान तिकडेच लावून बसले. मी मान खाली घालून सोलत राहिले. तेवढ्यात सुब्राय हेगडे म्हणाले, पुन्हा लावा. ह्यांनी उठून पुन्हा लावलं.

माणसं गेल्यावर ते ओरडले नाहीत. विचारलं, अजून काय काय लिहिलं आहेस. तुझी पत्रं तांदळाच्या पिंपात होती. शाळा, खोली, जून, सगळं त्यांत होतं. मी तुला फाड म्हणत होते आणि स्वतः जपून ठेवत होते. माहेरचं दुसरं काय येतं घरात. ह्यांनी एकेक वाचून सुपारी उकडायच्या चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर सगळा ढीग ओतला आणि म्हणाले, संपेपर्यंत उठायचं नाही. हात त्यांनी कापला नाही, तम्मा. फक्त उठू दिलं नाही. बोटं माझीच घसरली. मग हळद घेऊन आले, आणि ह्या वेळी काही विचारलं नाही.

त्या ओसरीवर ऐकणाऱ्यांत एक बाई होती. तिचं नाव कळलं की तिचं घर मोडेल, म्हणून लिहीत नाही. हेमाक्षीचं ऐकून ती घरी गेली आणि रडली, स्वतःसाठी. मग माझी बोटं पाहिली आणि तिला कळलं की ते शब्द कुठून आले. तिने बाहेर कुणापाशी एक शब्दही न बोलता सगळं जमवलं. कुठे जायचं, कुणाच्या गाडीने, कुठल्या दिवशी. म्हणजे तुझ्या बोलण्याने माझं जूनचं दार बंद झालं आणि तुझ्याच बोलण्याने हे दुसरं उघडलं. हे वाचून तुला हायसं वाटेल. वाटू देऊ नकोस. पहिल्या दाराने मी नोकरीवर चालले होते, दोन्ही हात धड घेऊन, आणि तू भेटायला येणार होतास.

तू माफी मागितलीस. मी मोठी आहे, माफ केलं असं लिहून टाकायला हवं. पण अजून झालेलं नाही. झालं असं लिहिलं तर मग मीही चारचौघांसाठीच लिहिते आहे. तू वाईट नाहीस. तुझ्यावर माझा जीव आहे. पण तुला चांगला शब्द सापडला की तो तुझ्याजवळ राहत नाही, आणि माझ्याजवळ आता सांभाळण्यासारखं एवढंच आहे की मी कुठे आहे.

हे तुझ्याकडे येतील. गोड बोलतील, तुझ्यासाठी काहीतरी घेऊन येतील, कदाचित रडतीलही. तुला माहीत नाही असं सांग. ते खरं असेल, म्हणून तुला जमेल. आई विचारेल, तिलाही तेच सांग, आणि मी जिवंत आहे एवढं सांग. तिला डॉक्टरकडे न्यायचं आता तुझ्याकडे आलं. खोली सोडून दे, म्हाताऱ्या मालकांना कशाला अडकवायचं.

चिन्मयी तुझं नाव काढते. मामाला पत्र लिहिते आहेस का, असं आता विचारलं. मी नाही म्हटलं. ती नवीन शाळेत सांगेल, म्हणून.

उत्तर देऊ नकोस, पत्ता नाही. पुन्हा लिहीनच असं नाही. लोभ असावा. मनातच असावा, एवढी विनंती.

सुमंगला